तास कमी केले म्हणजे उपकार नाही केले, शेठ

पोस्ट जरा मोठी आहे. पण आपल्या बाजारात काम करणाऱ्यांनी आणि काम देणाऱ्यांनी, दोघांनीही शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

जळगावच्या फुले मार्केटमध्ये जा नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडला, हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "आम्ही कोणालाच काढलं नाही हो. फक्त तास कमी केले." सांगणारा शेठ छाती काढून सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, म्हणतो, चला, माणुसकी आहे अजून.

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. जळगाव, धरणगाव, पारोळा, धुळे, इकडच्या बऱ्याच वह्या माझ्या हाताखालून जातात. कोणाची विक्री किती उतरली ते मला दिसतं आणि पगाराच्या पानावर कोणाचा आकडा अर्धा झाला तेही दिसतं. म्हणून स्पष्ट बोलतो. कागद न करता, मुदत न सांगता केलेली तासकपात म्हणजे माणसाला हप्त्याहप्त्याने काढणं आहे. आणि एकदम काढण्यापेक्षा हे शेठला स्वस्त पडतं. कसं, ते आकड्यातच बघा.

समजा एक माणूस आठ वर्षं एका दुकानात आहे. पगार १२,००० रुपये. धंदा मंदावला, शेठला माणूस परवडत नाही, सरळ काढायचंय. कायदा काय म्हणतो? एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. म्हणजे वर्षाचे साधारण ६,०००, आठ वर्षांचे ४८,०००, वर नोटिशीचे १२,०००. झाले ६०,०००.

आता दुसरा रस्ता. शेठ म्हणतो, "भाऊ, तुला काढत नाही, पण उद्यापासून अर्धा दिवस ये." पगार झाला ६,०००. माणूस हात जोडतो, निदान नोकरी तर राहिली. चार-सहा महिने जातात. मग एक दिवस शेठ म्हणतो, "आता तेही जमत नाही." आता हिशेब करा. मासिक पगार असेल तर सरासरी पगार म्हणजे शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांची सरासरी. ती आता ६,०००. वर्षाचे ३,०००, आठ वर्षांचे २४,०००, नोटिशीचे ६,०००. झाले ३०,०००.

माणूस तोच, आठ वर्षं तीच. हक्काचे पैसे निम्मे. मधल्या "मेहरबानी"ची ही किंमत, आणि ती भरली कोणी? नोकराने.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी लागते. ती शेवटच्या पगारावर मोजतात, १५ भागिले २६ गुणिले वर्षं. १२,००० वर आठ वर्षांचे ५५ हजारांच्या वर होतात. ६,००० वर साडेसत्तावीस हजारांच्या आसपास. आठ वर्षं पूर्ण वेळ राबलेल्या माणसाला शेवटच्या सहा महिन्यांच्या अर्ध्या पगारावर मोजायचं, हे कोणत्या माणुसकीत बसतं?

काहीजण अर्ध्या दिवसाऐवजी "एक दिवसाआड ये" म्हणतात. ते तर आणखी वाईट. ईएसआयसीमध्ये आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. महिन्याला २६ दिवस काम धरलं तर सहा महिन्यांचे १५६. एक दिवसाआड म्हणजे बरोबर ७८. एक दिवस ताप आला, एक दिवस घरात कोणाचं लग्न निघालं, की तुम्ही ७७ वर आणि भत्त्यातून बाहेर. सलग नोकरी मोजताना वर्षाचे २४० दिवस बघतात, एक दिवसाआड येणाऱ्याचे तेवढे भरतच नाहीत. उद्या वाद झाला की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार.

नोकरी पूर्ण गेली तर ईएसआयसीत विमा असलेल्या माणसासाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटींमध्ये बसलं तर सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. पण अर्ध्या तासांवर आणलेला माणूस बेकार धरला जात नाही. त्याला तेही नाही. नोकरीही अर्धी, बेकारीही अर्धी, आणि मदत शून्य.

आता गंमत बघा. ३ सप्टेंबर २०२५ ला आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दुकानांमधली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. टीव्हीवर चर्चा झाली ती तास वाढण्याची. आणि इथे खान्देशात प्रश्न नेमका उलटा, माणसाला तास मिळत नाहीत. त्याच निर्णयात दुसरी गोष्ट होती. दुकान कायदा लागू व्हायची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. आपल्या बाजारात वीस माणसं असलेली दुकानं किती? बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे बऱ्याच शेठ लोकांनी समजूत करून घेतली की आता आपल्याला कुठलाच कायदा लागत नाही.

ही समजूत चुकीची आहे. दुकान कायदा वेगळा आणि माणूस काढायचा कायदा वेगळा. आधी तो १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत तो आला. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई द्यायला माणसांची किमान संख्या लागत नाही. दुकानात तीन माणसं असोत की तेरा. आणि कामाचे तास किंवा पगार बदलायचा असेल तर २१ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी, हेही जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे. "उद्यापासून अर्धा दिवस ये" हे गल्ल्यावर बसून तोंडी सांगायची गोष्टच नाही.

मोठ्या कारखान्यात काम नसलं आणि माणसाला बसवून ठेवलं, तर बसलेल्या दिवसांचा निम्मा पगार द्यावा लागतो. पण ते ५० कामगारांच्या पुढे. छोट्या दुकानात तेही कवच नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल बघितली. त्या बंद पडल्या, घरं उघडी पडली, ते दुःख मोठंच होतं. पण गिरणीत मस्टर होतं, युनियन होती, भोंगा वाजला नाही तर गावाला कळायचं. दुकानातल्या पोराचे तास कमी झाले तर त्याच्या बायकोशिवाय कोणाला कळत नाही.

आता कमेंटमध्ये कोणीतरी म्हणणारच, "का भो, तू व्यापाऱ्यांच्या मागे लागला का?" नाही लागलो. व्यापाऱ्याची अडचण खोटी नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन साडीला हात लावतं आणि मोबाइलवर भाव बघून निघून जातं. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, तिथे आपल्या सराफ बाजारातल्या छोट्या पेढीवर गर्दी बघणाऱ्यांची जास्त आणि घेणाऱ्यांची कमी. भाडं, वीजबिल, जीएसटी, बँकेचा हप्ता, यातलं काहीच अर्धं होत नाही. सगळ्या खर्चात एकच खर्च असा, की समोर उभा राहून "बरं शेठ" म्हणतो. म्हणून कात्री तिथेच लागते. माझं म्हणणं इतकंच, की जो बोलत नाही त्याच्याच खिशातून पहिला पैसा काढायचा आणि वर त्यालाच उपकार म्हणून ऐकवायचं, हे बंद करा.

बरं, अर्धा दिवस म्हणजे खरंच अर्धा असतो का? सकाळी ११ ते २ आणि संध्याकाळी ६ ते ९. तास झाले सहा, पण माणूस अडकला दहा. मधल्या चार तासांत पाळधीचा माणूस घरी जाऊन परत येईल का? दुसरीकडे काम धरेल का? एसटीचं भाडं तेवढंच, पेट्रोल तेवढंच, पोरांच्या शाळेची फी तेवढीच. पगार तेवढा निम्मा.

आणि सगळ्यात वाईट प्रकार सांगतो. शेवटी शेठ कागद पुढे करतो, "दोन ओळी लिहून दे, घरगुती कारणामुळे काम सोडतोय." ज्या दुकानाने आठ वर्षांत एक कागद दिला नाही, नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची स्लिप नाही, त्याला पहिला कागद आठवतो तो राजीनाम्याचा. लिहून दिलं की नोटीस गेली, भरपाई गेली. भावांनो, बहिणींनो, ज्यांना काढलं जातंय त्यांनी राजीनामा लिहू नका. काढताहेत तर "काढलं" असं लिहून मागा.

मग करायचं काय? धंदा खरंच बसला असेल तर माणूस कमी करावा लागतो, मान्य. पण रीत आहे.

एक. तास कमी करायचे तर २१ दिवस आधी कागदावर द्या. किती तास, कोणत्या तारखेपासून, किती महिने. मुदत संपली की बसा आणि ठरवा, पुन्हा पूर्ण वेळ की निरोप. "बघू पुढे" ही मुदत नाही.

दोन. त्याच कागदावर एक ओळ लिहा. पुढे काढायची वेळ आली तर भरपाई आणि ग्रॅच्युइटी जुन्या पूर्ण पगारावर मोजू. शेठची नियत साफ असेल तर ही ओळ लिहायला हात थरथरायचं कारण नाही. सगळी परीक्षा या एका ओळीत आहे.

तीन. तास सलग द्या. सकाळ तरी पूर्ण द्या नाहीतर दुपारनंतरचा वेळ, म्हणजे त्याला उरलेल्या वेळात दुसरं काम धरता येईल. आणि त्याने धरलं तर तोंड वाकडं करू नका.

चार. काढायचंच असेल तर शेवटी आलेला आधी जातो ही साधारण पद्धत आहे. महाग पडतो म्हणून जुना काढायचा आणि स्वस्तातला नवा ठेवायचा, हे नाही. काढल्यावर बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, दोन महिने खेटे घालायला लावून नाही. अनुभवाचं पत्र द्या. वर्षभरात पुन्हा माणूस लागला तर आधी त्यालाच विचारा. संहितेतही हेच आहे.

पाच. आपल्या व्यापारी संघटना दिवाळीला रोषणाईची स्पर्धा घेतात, चांगलं आहे. त्यांनी एका पानाचा नमुना छापून प्रत्येक दुकानात द्यावा, तासकपातीचा आणि निरोपाचा. वकील नको, खर्च नको.

आणि काम करणाऱ्यांना सांगतो. पगार रोख मिळत असला तरी तारीख आणि रक्कम वहीत लिहून ठेवा. तास कमी केल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल तर पुसू नका. तोंडी सांगितलं असेल तर तुम्हीच मेसेज टाका, "शेठ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आजपासून अर्धा दिवस येतोय, पगार ६,००० ठरला." भांडण नाही, नोंद आहे. तरी न्याय झाला नाही तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय जळगावात आहे आणि धुळ्यातही. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो.

खान्देशात शेठ आणि गडी एका ताटात जेवायचे असं आपण कौतुकाने सांगतो. असेल. पण ताटात जेवल्याने आठ वर्षांचा हिशेब फिटत नाही. मंदी दोघांची आहे तर तिचा भार दोघांच्या वहीत दिसू द्या. ज्या शेठने तास कमी करताना ती एक ओळ लिहून दिली, त्याच्या दुकानाचं नाव कमेंटमध्ये आवर्जून लिहा. अशा दुकानातून चार पैसे जास्त देऊन घ्यायला मी तयार आहे, तुम्हीही व्हा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर आकडे चुकीचे कुठे आहेत ते दाखवा.