आधी चाक, मग जू

मंडळी, आज जरा भांडायला बसलो आहे. भांडण आमच्या घरातल्याच लोकांशी आहे आणि ते हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो: नाव कोणाचेही घेणार नाही. ज्याला लागेल त्याने आपले समजावे!

गेल्या डिसेंबरात माझा भाचा नागपूरहून जीपमागे ओढायची कॅराव्हॅन घेऊन आला. मित्राची होती. दोन चाके, आत तिघांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, छोटासा फ्रीज... थोडक्यात चाकांवरची खोली. नवेगावबांधजवळ आमच्या एका नातेवाइकांची शेती आहे. धान कापून झाले होते, बांध्या रिकाम्या होत्या. तिथे मुक्काम ठरला. नातवंडे खूश आणि खरे सांगायचे तर मीही खूश. सत्तरी ओलांडल्यावर अशा रात्री किती मिळतात?

पोचल्याबरोबर भाच्याने कॅराव्हॅनचा दांडा जीपच्या हुकातून सोडवला, आणि मग चाकाला लावायला दगड शोधू लागला. दगड सापडेपर्यंत कॅराव्हॅन हलली. आवाज न करता मागे सरकत दोन-अडीच हात गेली आणि धुऱ्याला टेकून थांबली. त्या धुऱ्यावर माझी सात वर्षांची नात पाय सोडून बसली होती. तिचे पाय आणि कॅराव्हॅन यांत वीतभर अंतर उरले. क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणाले, "काही झालं नाही ना? मग झालं तर!" आणि सगळे हसले.

मला हसू आले नाही. माझे भांडण त्या वाक्याशी आहे.

लहानपणी आमच्याकडे बैलगाडी होती. वडील शाळेची पायरी चढले नव्हते, पण बैल सोडण्याआधी चाकाला दगड आणि दांडीखाली टेकू, हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. कारण साधे होते. त्या गाडीला ब्रेक नव्हता, बैल हाच तिचा ब्रेक. बैल सोडले की गाडी कोणाचीच नाही. या कॅराव्हॅनचेही तसेच आहे. जीप जोडलेली असते तोवर जीप तिला धरून ठेवते. हूक सुटला की जीपचे ब्रेक जीपबरोबर जातात. काही कॅराव्हॅनना स्वतःचा हातब्रेक असतो, तो ओढावाच. पण उतारावर एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये. म्हणून आधी दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरीसारखे ठोकळे, आणि मगच हूक. निघतानाही तसेच: आधी हूक जोडायचा, ठोकळे सर्वांत शेवटी काढायचे.

आता पुढचे ऐका. अंधार पडत आला होता आणि कॅराव्हॅन एका अंगाला कललेली होती. चार कोपऱ्यांना फिरवून खाली सोडायचे चार पाय असतात. आमच्या मंडळींनी कललेल्या बाजूचे पाय जोर लावून फिरवले आणि कॅराव्हॅन उचलूनच सरळ केली. दिसायला छान दिसली. रात्री आत तिघे झोपले, आणि पहाटे दार उघडेना! आतून ओढले, बाहेरून ढकलले, शेवटी एक पाय सैल केला तेव्हा कुठे दार सुटले. आत गॅसची शेगडी होती हे पुन्हा सांगतो. आणि सकाळच्या चहाला पुन्हा तेच: "काही झालं नाही ना?"

झाले होते. ते चार पाय उचलण्यासाठी नसतातच. कॅराव्हॅनचा भार चाकांनी आणि पुढच्या टेकूने पेलायचा. कोपऱ्यांचे पाय फक्त डुलणे थांबवण्यासाठी. ते जमिनीला घट्ट टेकले की थांबायचे. त्यांच्यावर सगळा भार टाकला की सांगाडा पिळवटतो, आणि सांगाडा पिळवटला की चौकट वाकडी होऊन दार अडकते.

शेजारच्या शेतातले एक धानकरी हा तमाशा बघत होते. ते म्हणाले, "गुरुजी, पान्याले इचारा ना. पानी खोटं बोलत नाही." त्यांनी काठाची थाळी मागितली, आत जमिनीवर ठेवली आणि पाणी ओतले. पाणी एका काठाला चढले, दुसऱ्या काठाला तळ दिसू लागला. झाली पाणसळ तयार! धान पिकवणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. बांधी सपाट नसेल तर एका कोपऱ्यात रोप बुडते आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाळते. ज्या नवेगावच्या तलावाकाठी आम्ही हौस करायला गेलो, तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. जमिनीचा उतार डोळ्याने वाचणाऱ्या लोकांचा हा मुलूख. आणि इथे येऊन आपण म्हणायचे, "थोडं तिरकं असलं तर काय बिघडतं?"

बिघडते. दोन चाकांमध्ये दोन मीटर अंतर धरा आणि एक चाक दहा सेंटिमीटर खाली. म्हणजे वीसास एक उतार. त्यावर सहा फुटी माणूस आडवा झाला तर डोके पायांपेक्षा नऊ सेंटिमीटर खाली! शिवाय गॅसवर चालणाऱ्या फ्रीजमध्ये आतला द्रव आपल्या भाराने वाहतो. तो फ्रीज फार कलता ठेवून चालवला तर थंडावा कमी होतो आणि फ्रीज बिघडूही शकतो.

मग त्या धानकऱ्यांच्या देखरेखीखाली सगळे पहिल्यापासून केले. चारही पाय वर घेतले. कॅराव्हॅन पुन्हा जीपला जोडली. खालच्या बाजूच्या चाकापुढे फळ्या ठेवून चाक त्यांवर चढवले आणि थाळीतले पाणी दोन्ही अंगांना सारखे होईपर्यंत फळ्या वाढवल्या. आडवी पातळी जीप जोडलेली असतानाच साधायची. मग चाकांना ठोकळे. मग हूक सोडून पुढच्या टेकूने मागची-पुढची पातळी. आणि शेवटी कोपऱ्यांचे पाय, प्रत्येकाखाली फळी घालून. आपल्याकडची कन्हार जमीन वरून कोरडी दिसते, पण भार पडला की दबते. पायाचा तळ दहा सेंटिमीटर चौरस असेल आणि खाली तीस सेंटिमीटरची चौरस जाड फळी घातली, तर तोच भार नऊपट जागेवर पसरतो. सगळे मिळून वीस मिनिटे लागली.

यावर आमच्याकडची तरुण मंडळी म्हणतात, "मामा, एवढे नियम पाळायचे तर निसर्गात जायचं कशाला? घरीच बसावं." मला त्यांचे म्हणणे कळते. मीही चाळीस वर्षे मुलांना नियम सांगितले आणि त्यातले निम्मे उगाच होते, हे आता कबूल करतो. पण हा नियम त्या निम्म्यातला नाही. वीस मिनिटे वाचवून आपण नातीचे पाय पणाला लावतो, याला मोकळेपणा कसे म्हणायचे?

आणि भांडण निव्वळ घरच्यांशी नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ठिकठिकाणी कॅराव्हॅन पार्क व्हावेत असे त्यात आहे. चांगलेच आहे. पण पार्क म्हटले की आपण विजेचा बोर्ड, कमान आणि कुंपण यांचा विचार आधी करतो. माझे म्हणणे असे की आधी मुरूम टाकून, दाबून, सपाट केलेली जागा द्या. कमान नंतर बांधा. आणि गाडी हलल्यावर चाकाखालचा दगड वाटेतच सोडून जाणाऱ्यांना तर मी कधीच माफ करणार नाही. रात्री त्याच दगडावर कोणाची तरी सायकल आदळते.

असो. भाचा येत्या हिवाळ्यात पुन्हा येणार म्हणतो. मी सुताराकडून चार ठोकळे आणि सहा फळ्या करून ठेवल्या आहेत. काठाची थाळीही वेगळी काढली आहे. ठोकळे लागल्याशिवाय धुऱ्यावर कोणालाही बसू देणार नाही. राग आला तरी चालेल.