थंड कसे केले, तेही लिहा

अल्कधातूंच्या फुलराइडवरील लेखांत घटकसूत्र आणि ‘पॉलिमर’ हा शब्द आला की बंधांचा प्रश्न मिटला असे धरले जाते. तो मिटत नाही. रुबिडियमचा एक अणू आणि सी-60 चा एक रेणू एवढेच घटक असलेले संयुग घ्या. सुमारे 400 केल्विनच्या वर त्याची जाळी मिठासारखी, रेणू जागीच गरगरणारे. सावकाश निवू दिले तर शेजारच्या दोन रेणूंमध्ये चार कार्बनांचे कडे जुळते आणि साखळी धरते; 1994 मध्ये स्टीफन्स व सहकाऱ्यांनी ती दाखवली. तेच बर्फाच्या तापमानापर्यंत झटकन आणले तर रेणू एकेरी बंधाने फक्त दोन-दोन जुळतात. साखळीतून वीज वाहते, जोडी मात्र विद्युतरोधक आणि प्रतिचुंबकीय. सूत्र दोन्हींचे एकच.

यावर आक्षेप येईल की रेणूकेंद्रांमधले अंतर साखळीत 9.1 अँगस्ट्रॉम, जोडीत 9.3, विवर्तनात ते दिसतेच. दिसते, पण नमुना मोजणीपर्यंत तसाच राहिला तर. जोडी खोलीच्या तापमानाला टिकत नाही. छत्रपती संभाजीनगरहून काचेच्या बंद नळीतला नमुना देवगिरी एक्स्प्रेसने तुर्भ्याला ध्रुव अणुभट्टीवर न्यायचा, तर न्यूट्रॉनसमोर भलतीच अवस्था उभी राहील. चुंबकीय अनुनादाने बांधलेले कार्बन मोजावेत, तर तेही फसवते: रुबिडियमच्या साखळीत दर रेणूमागे असे चार, सोडियमच्या चार अणूंच्या संयुगातल्या थरातही चारच, तिथे मात्र सगळे बंध एकेरी.

मग इलेक्ट्रॉनांची संख्या? भार वाढला की एकेरी बंधांकडे कल जातो, हा नियम उपयोगाचा आहे. पण लिथियमचे चार अणू असलेल्या संयुगात दोन्ही प्रकारचे बंध एकाच थरात सापडतात. दोन सोडियम आणि एक रुबिडियम असलेले संयुग सावकाश निवले तर एकेरी बंधांची साखळी होते, झटकन निववले तर घनाकृती राहून 3.5 केल्विनच्या आसपास अतिवाहक बनते. तिन्ही इलेक्ट्रॉन तेच, निवण्याची घाई वेगळी.

‘आमच्याकडे क्रायोस्टॅट नाही’ ही अडचण खरी, पण इथे ती लागू नाही. थर्मोकपल प्रत्येक भट्टीत असते. पुढील अंकापासून लेखासोबत निवण्याचा दर, कुठल्या तापमानाला थांबवले, तिथे किती वेळ ठेवले आणि मोजणीच्या क्षणी नमुना किती केल्विनला होता, हे चार आकडे हवेत. ते नसलेला लेख परीक्षकाकडे जाणार नाही.

— संपादक, शहागंज