वस्ती म्हणजे गाव नव्हे

शहरी आरोग्याच्या संशोधन-प्रस्तावांत लोकसहभागाचं प्रकरण बहुधा एका पानात उरकलेलं असतं. महिला गट, पंधरवड्याची बैठक, एखाद्या स्थानिक कार्यकर्त्याचं संमतिपत्र, जमलंच तर शेवटी पथनाट्य. ही चौकट खेड्यातून आली आणि खेड्यात ती लागूही पडली. झारखंड-ओडिशाच्या आदिवासीबहुल भागात ‘एकजुट’ संस्थेने महिला गटांमार्फत केलेल्या कामात तीन वर्षांत नवजात मृत्यूदर ३२ टक्क्यांनी कमी आढळला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

याच धर्तीवर मुंबईत ‘स्नेहा’ संस्थेने २००६ ते २००९ या काळात ४८ झोपडवस्त्यांत चाचणी घेतली. निम्म्या वस्त्यांत गट बांधले, बैठका नेमाने घेतल्या. प्रसूतिपूर्व तपासणी, रुग्णालयातलं बाळंतपण, स्तनपान, कशातच फरक पडला नाही. नवजात मृत्यूही घटले नाहीत. २०१२ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये हे सगळं काही न लपवता प्रसिद्ध झालं, आणि आमच्या मते शहरी आरोग्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी हा निबंध वाचावा, यशोगाथा नंतर.

असं का झालं? मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीपासूनच रुग्णालयात होत होती. खोट असलीच तर तिथल्या सेवेत होती, आणि ती वस्तीतल्या बायकांनी एकत्र बसून भरून निघणारी नव्हती. दुसरी गोष्ट हजेरीची. महिला गटांच्या चाचण्यांचं २०१३ मध्ये एकत्रित विश्लेषण झालं. गरोदर बायकांपैकी किमान ३० टक्के जिथे गटात आल्या तिथेच ठळक परिणाम दिसला. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणारी, धुण्याभांड्याची चार घरं सांभाळणारी बाई बैठकीला यायची कधी? पुढे ‘स्नेहा’ने वस्तीत केंद्रं उघडून घरभेटींवर भर दिला. त्या चाचणीत गर्भनिरोधनाची गरज भागण्याचं प्रमाण वाढलं. लसीकरणात मात्र फरक दिसला नाही. तेही छापलं गेलं.

मुंबईचं ठीक आहे, तिथे निदान संस्था आहेत. खरी पंचाईत लहान शहरांची. जयपूरहून अजमेर रस्त्याने तीसेक किलोमीटरवरचं बगरू घ्या. नगरपालिका आहे, औद्योगिक वसाहत आहे, ठसेछपाईचं नाव जगभर आहे. पण २०१३ चं राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान मुख्यतः ५० हजारांवरच्या शहरांसाठी आखलेलं, आणि २०११ च्या जनगणनेत बगरू त्या आकड्याच्या खाली. म्हणजे कारभार शहराचा आणि आरोग्याची यंत्रणा ग्रामीण.

इथे संशोधक गेला तर त्याला छिपा, म्हणजे छपाईकारांच्या, मोहल्ल्यात तयार ‘समुदाय’ भेटेल. पिढीजात कारागीर, वडीलधारे, सहकाराची सवय. हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर झालेलं कापड अंगणात पसरलेलं असतं. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ कालवून केलेला ‘दाबू’ ठशाने कापडावर उठवतात, आणि तो ओला असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरतात. भुसा टाकणारे हात पुष्कळदा बायकांचे किंवा पोरांचे. तो रोज कुणाच्या छातीत जातो, निळीच्या हौदात कोपरापर्यंत हात बुडवणाऱ्याच्या त्वचेचं काय होतं, धुलाईचं पाणी कुठल्या विहिरीपर्यंत मुरतं, हे प्रश्न प्रश्नावली छापण्याआधी त्या अंगणात बसून ठरवायला हवेत. मीटरवर मजुरी घेणाऱ्याला सकाळी अकराच्या चर्चेला बोलावणं म्हणजे त्याची रोजी बुडवणं, हेही तिथेच कळतं.

पण मोहल्ला म्हणजे अख्खं बगरू नाही. कारखान्यांत राबणारे, भाड्याने राहणारे परगावचे मजूर कुठल्याच पंचांच्या ओळखीचे नसतात. मोहल्ल्यातल्या मान्यवराची सही घेऊन ‘समुदायाची संमती मिळाली’ असं लिहिणं सोपं आहे. समुदायाच्या प्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. आम्ही पुढे जाऊन म्हणू की ज्याला आवाज आहे त्याचाच आवाज पुन्हा टिपणारा अभ्यास लोकसहभागाचा म्हणवून घेऊ नये. पाहणी संपल्यावर निष्कर्ष त्याच गल्लीत, त्यांच्या बोलीत सांगायला किती जण परत जातात, हा तर वेगळाच विषय. त्यासाठी अंदाजपत्रकात छदामही ठेवलेला नसतो.

म्हणून वाचकांना विनंती. पुढल्या अंकांसाठी लेख पाठवताना किती लोक सहभागी झाले याच्या जोडीला कोण आले नाहीत आणि का, हेही लिहा. बैठकीची वेळ कुणी ठरवली ते लिहा. आणि तुमच्या वस्तीत उपक्रम फसला असेल, तर तो लेख आधी पाठवा. त्याला जागा राखून ठेवू.