चौकात हेल्मेट, नाक्यापुढे मरण

अमरावती-अकोल्याच्या समस्त गाडीवाल्यांनो, त्यांच्या मायबापांनो, आणि ज्यांच्या सहीनं रस्ते होतात त्या साहेबांनो,

अमरावतीत पंचवटी चौकात किंवा इर्विन चौकात, अकोल्यात नेहरू पार्कजवळ किंवा अशोक वाटिकेपाशी खाकी कपडा दिसला की आपल्या लोकांचे हात आपोआप डोक्याकडे जातात. बडनेरा ओलांडलं, शिवणी मागं पडली, की तेच हेल्मेट आधी कपाळावर सरकतं, मग कोपरात येतं आणि शेवटी आरशाला लटकतं. "आता कोन पायते?" म्हणायचं आणि गाडी ताणायची. पोलीस संपला म्हणजे धोका संपला, असा आपण सोयीस्कर समज करून घेतला आहे. हा समज खोटा आहे आणि तो आपली पोरं खातो आहे, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल बघा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण गेले, आणि त्यांतले १४ हजारांवर मागं बसलेले होते. आता पुढचा आकडा नीट वाचा. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात झाले, शहरांत ३२ टक्के. आणि शंभरातले सदुसष्ट अपघात वळणावर, घाटात, खड्ड्यात झालेले नाहीत. सरळसोट रस्त्यावर झाले. राजकमल चौकातल्या ऑटोंच्या गर्दीला आपण घाबरतो आणि कुरूमच्या पुढच्या मोकळ्या डांबरावर निर्धास्त होतो. भीती चुकीच्या जागी ठेवली आहे.

शहरात जीव जात नाही असं आमचं म्हणणं नाही. अकोल्याच्या गांधी रोडवर उभ्या कारचं दार धाडकन उघडतं, गल्लीतून फोन कानाला लावलेलं पोरगं येतं, ऑटो हात न दाखवता वळतो. पण तिथं गाडीचा काटा तीस-पस्तीसवर असतो. पडलात तर हात मोडेल, गुडघा सोलेल, चार शिव्या देऊन घेऊन घरी याल. डोकं दुभाजकावर आपटलं तर तिथंही खेळ खलास, म्हणून हेल्मेट गल्लीतही हवंच. त्यावर वाद नको.

मोकळ्या रस्त्याचा हिशेब वेगळा आहे. ताशी ४० च्या वेगानं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, ८० ला बावीस. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेलाच. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी थांबायला ४० च्या वेगात सगळे मिळून वीस-बावीस मीटर लागतात आणि ८० च्या वेगात साठाच्या वर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. रात्री डिपरवर आपल्या गाडीचा उजेड फार तर चाळीस-पन्नास मीटर पडतो. म्हणजे रात्री ८० नं जाणारा माणूस त्याला दिसणाऱ्या रस्त्याच्या पुढं गाडी चालवत असतो. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कायद्यानं ८० ची मर्यादा आहे. अंधारात ती मर्यादाही जास्तच आहे, असं आम्ही छापून सांगतो.

आणि तो रस्ता रिकामा असतो हे तरी कोणी सांगितलं? पावसाळ्यात आपली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून वावरातून वर येते आणि फाट्यावर डांबरावर साबणासारखी पसरते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता सरळ राहत नाही, कडा खचतात, साइडपट्टी वीतभर खाली जाते. ट्रकला वाट द्यायला कडेला उतरलेली दुचाकी पुन्हा वर चढताना कशी झोपते, हे दर्यापूर-आकोट भागात कोणालाही विचारा. दसऱ्याच्या सुमारास रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कुटारावरून पुढचं चाक घसरतं. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. दोन्ही बाजूंना हात-हात बाहेर आलेल्या, मागं ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. संध्याकाळी सातला धुरकट अंधारात असली ट्रॉली रस्त्याच्याच रंगाची होते. रात्री डांबर कोमट असतं म्हणून गुरं येऊन बसतात. आणि रोही! दीड-दोनशे किलोचं जनावर तुरीतून उडी मारून थेट तुमच्या हँडलवर येतं. ते हॉर्न ऐकून थांबत नाही.

ट्रॉलीवाल्या भावांनो, पन्नास रुपयांची रेडियम पट्टी मागच्या फाळक्याला लावायला तुम्हाला कोणत्या सरकारची योजना पाहिजे?

आता साहेब लोकांकडे वळतो. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यानं जगात नाव काढलं. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळपर्यंत, १०५ तास ३३ मिनिटांत, एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर सलग डांबर पडलं. सातशेवर माणसं रात्रंदिवस राबली. कतारचा २०१९ चा विक्रम मोडला, गिनीजचं प्रमाणपत्र आलं, फोटो निघाले. जूनच्या उन्हात राबलेल्या त्या मजुरांना आमचा नमस्कार. त्याआधी वर्षानुवर्षं या रस्त्यानं आमची हाडं खिळखिळी केली होती, तेही आम्ही विसरलो नाही.

पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. रस्ता खराब होता तेव्हा खड्डेच आमचे ब्रेक होते. तिशीच्या वर गाडी जातच नसे. गुळगुळीत रस्त्यानं तो ब्रेक काढून घेतला. त्याच्या जागी जे यायला हवं ते, म्हणजे गावापाशी सर्व्हिस रोड, फाट्यावर दिवे, वावराला जायची वाट, गुरांसाठी अडथळे, हे काम विक्रमात मोजलं जात नाही, म्हणून ते निवांत होतं. शेतकऱ्याचं घर एका बाजूला, वावर दुसऱ्या बाजूला, मध्ये दुभाजक. पलटायचा कट लांब. मग तो डबा अन् फवारणीचा पंप घेऊन उलट्या बाजूनं निघतो. त्याला 'राँग साइड'वाला म्हणून शिव्या देणं सोपं आहे. दुभाजक टाकताना त्याला कोणी विचारलं होतं का, की भाऊ, तू वावरात कसा जाशील? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या निकषांनुसार नसेल आणि त्यापायी माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर कंत्राटदारावर आणि संबंधित यंत्रणेवर एक लाखापर्यंत दंड आहे. एका माणसाचे एक लाख! तरीही कलम आहे. अपघात झाला की पंचनाम्यात रस्त्याच्या दोषाची नोंद करा असा आग्रह नातेवाइकांनी धरला पाहिजे, म्हणजे ते कलम कागदावरून उठेल.

ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी समृद्धी महामार्ग झाला. तो आपल्याच धामणगाव, नांदगाव खंडेश्वरच्या शिवारांतून जातो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. बंदी योग्यच आहे. पण मग गरिबाच्या दुचाकीला जे रस्ते उरले, त्यांची निगा तरी त्याच तोलाची ठेवा.

पोलिसांनाही विचारायचं आहे. सगळी तपासणी चौकातच का? चौकात पावती फाडणं सोपं, सावली असते, चहा असतो. अपघात जिथं होतात तिथं, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, वलगाव, आसेगावच्या फाट्यांवर, संध्याकाळी सहा ते दहा उभे राहा. दंड वसूल करू नका म्हणत नाही. जागा बदला म्हणतो.

आता आपल्याकडच्या सबबी. पहिली, ऊन. खरं आहे, मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. २०२४ मध्ये उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. "येवढ्या उनात डोक्शावर टोपलं कायले?" पण भाऊ, त्याच उन्हात तू डोक्याला दुपट्टा तीन वेढे गुंडाळतोस, कान-नाक झाकून फक्त डोळे उघडे ठेवतोस. कॉलेजच्या पोरी स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून जातात. झाकायला आपली ना नाही. उन्हाची झळ दिसते म्हणून तिच्यासाठी बंदोबस्त, आणि डांबर दिसत नाही म्हणून त्याला डोकं उघडं. पातळ सुती दुपट्टा आत बांधा, वर हेल्मेट घाला. घाम टिपला जातो.

दुसरी सबब, "इथंच तं जाऊन येतो." वावर इथंच, सासुरवाडी इथंच, बहिरमची जत्रा इथंच. हंडी-रोडगे खाऊन, वर थोडी घेऊन, पौषाच्या थंडीत रात्री अकराला तिघं एका गाडीवर परततात तेही इथूनच. श्रावणात चिखलदऱ्याच्या धुक्यात ओव्हरटेक करणारेही इथलेच.

पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले होते. शहरात वेगच नसतो, तिथं सक्ती कशाला, असा त्यांचा एक मुद्दा होता. आम्हाला तो पटत नाही, पण मुद्दा होता. महामार्गावर ८० नं जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाकडे तेवढाही नाही. २०१६ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा राज्यात झाली आणि विरोधात विरली. सरकार दमलं. मरण दमत नाही.

हेल्मेटनं जीव वाचतोच अशी हमी कोणी देणार नाही. पण जगभरच्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा की मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे आयएसआय छापाच्या, पट्टा लावलेल्या हेल्मेटचं बोलतो आहोत. पोलिसाला दाखवायच्या दीडशे रुपयांच्या वाटीचं नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. आणि घरच्या लक्ष्मीचं काय? नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागं एका अंगाला बसलेल्या बायकोच्या डोक्यावर पदर, मांडीवर लेकरू. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आहे, मागच्यालाही. चुकल्यास हजार रुपये दंड आणि परवाना तीन महिने बंद, हे कलम १९४-ड. नवी गाडी घेताना तिच्यासोबत हेल्मेट द्यायचं असा नियम आहे. शोरूममध्ये मागून घ्या, ओशाळू नका.

अपघात झालाच तर पहिला तास मोलाचा. डोक्याच्या मारावर शस्त्रक्रिया करायची तर आपल्याला अकोला, अमरावती, नाही तर थेट नागपूर गाठावं लागतं. म्हणून व्हिडिओ काढत उभे राहू नका. १०८ ला फोन करा, महामार्गावर असाल तर १०३३ ला. "पोलिसाच्या लफड्यात कोन पडन?" ही भीती आता जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० मार्च २०१६ च्या आदेशानं आणि कायद्याच्या कलम १३४-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याला नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही लागू आहे. दवाखान्यात ती नाव घेऊन मागा.

गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. आपल्या फाट्यावर नेमकं काय पाहिजे ते त्यात लिहा: दिवा, रेडियम, सर्व्हिस रोड, वावराची वाट, साइडपट्टीचा भराव. गेल्या काही वर्षांत तिथं कोण पडलं, कोण गेलं, त्याच्या तारखा जोडा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. दुसरी रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याला, मग ते महामार्ग प्राधिकरण असो की बांधकाम विभाग. पोच शिक्का मारून घ्या आणि जपून ठेवा. उद्या कलम १९८-अ लावायची वेळ आली तर तोच कागद कामाला येईल.

आणि आज घरी जाताना, नाका ओलांडल्यावरही, हेल्मेट डोक्यावरच राहू द्या.

आपलाच,
याच रस्त्यावरचा एक गाडीवाला