वाचकांचा वाद आणि वाचनाची वाटणी

आमच्या बीड जिल्ह्यात चार वाचणारी माणसे एकत्र जमली की दोन विषय ठरलेले असतात. पहिला विषय, कोणते पुस्तक थोर आणि कोणते हलके. ‘कोसला’ 1963 साली प्रसिद्ध झाली आणि ‘मृत्युंजय’ 1967 साली. परंतु यांपैकी कोणत्या बाजूला उभे राहायचे याचा निकाल आमच्या वाचनालयांच्या ओसरीवर अद्याप लागलेला नाही. दुसरा विषय हा वस्तुतः वादाचा नसून विलापाचा असतो : हल्ली कोणी वाचत नाही. शिक्षक, वकील, निवृत्त अधिकारी आणि प्रस्तुत लेखकासारखे निवृत्त प्राध्यापक यांचे या विलापावर पूर्ण एकमत असते. एकमत झाले की मंडळी चहा घेऊन समाधानाने घरी जातात.

यांतील वाद मला मोलाचा वाटतो आणि एकमत घातक वाटते.

वादाची हेटाळणी करण्याची सवय आपल्यातही आहे. शेतमालाला भाव नाही, रोजगार हमीच्या कामावर मजुरी थकलेली, अशा वेळी ‘मृत्युंजय’ की ‘कोसला’ हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी या जिल्ह्याचा इतिहास थोडा आठवावा. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध फर्मानाने सभा भरवण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. दोष उर्दूसारख्या समृद्ध भाषेचा नव्हता. रयतेच्या भाषांना उच्च शिक्षणाच्या दाराबाहेर ठेवणाऱ्या राजवटीचा होता. अशा काळात चार माणसांनी एकत्र बसून मराठी पुस्तकावर बोलणे हीच राजकीय कृती ठरत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा आणि वाचनालय ही या भागातील सार्वजनिक जीवनाची पहिली शाखा होती. पुस्तकावर निर्भयपणे मत देणारा माणूसच पुढे फर्मानावर मत देऊ लागतो.

तरीही हा वाद आहे तसा पुरेसा नाही. त्यात कोण बसतो आणि कोण दाराबाहेर उभा राहतो, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी 1885 सालीच उपस्थित केला होता. न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले असता त्यांनी ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. या प्रश्नाला मराठवाड्यातून एक उत्तर मिळाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ चालवले आणि त्याच्या जोडीने लेखक-वाचक मेळावे भरवले. ‘लेखक-वाचक’ हा जोडशब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. वाचकाला समोरच्या सतरंजीवर बसवून टाळ्यांपुरते वापरायचे, ही संमेलनांची रीत तेथे मोडली गेली. 1974 साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने तर स्वतःला वाचक चळवळ असेच म्हटले. वाचकांना सभासद करून स्वस्त आवृत्त्या काढल्या आणि ‘बलुतं’ (1978) व ‘उपरा’ (1980) ही पुस्तके त्या मार्गाने लोकांपर्यंत पोचवली. वाचक संघटित झाला तर काय छापले जाईल हेही बदलते, याचा हा पुरावा आहे.

वाचकांच्या चर्चेत काय सामर्थ्य असते, याचा मला आलेला एक अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका वाचनालयात आम्ही महिन्यातून एकदा बसत असू. एका बैठकीत भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचली गेली. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो आणि शेतकरी बाप आपला माल स्वतःच्या पायांखाली तुडवतो, ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, लागवड वाढली की भाव पडतो, हे चक्र कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती काढून मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवले होते. बैठकीतही मी तेच सांगितले. मराठीच्या प्राध्यापकांनी त्या तुडवण्यातील उद्वेगाविषयी सुरेख विवेचन केले. मागे वर्तमानपत्र चाळत बसलेला एक भाजीपाला पिकवणारा गृहस्थ मध्येच म्हणाला, “सर, रागाचं राहू द्या बाजूला. त्यानं माल माघारी न्यायचा म्हणलं तर गाडीचं भाडं कुठून आणायचं?”

सारी बैठक गप्प झाली. माझ्या आकृतीत मालाच्या येण्याला रेघ होती, परत जाण्याला रेघच नव्हती. नाशवंत माल घेऊन बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘विकणार नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नसते, हे बाजाराचे मर्म त्याने एका प्रश्नात सांगितले होते. मराठीच्या प्राध्यापकांनाही कथा नव्याने दिसली असावी, कारण पुढचा तासभर आम्ही दोघेही ऐकत होतो. तो गृहस्थ पुन्हा पुन्हा बैठकीला आला. पुढे त्याने पुस्तके घरी न्यायला सुरुवात केली.

याच्या उलट घडलेली गोष्टही लपवून ठेवणे बरे नव्हे. उमेदीच्या काळात एका विद्यार्थ्याच्या हाती बाबा कदमांची कादंबरी पाहून मी भर वर्गात त्याला टोमणा मारला होता. वर्ग हसला. त्या मुलाने पुस्तक परत केले आणि वर्षभर तो ग्रंथालयाच्या खिडकीशी दिसला नाही. हलके वाचणारा पुढे भारदस्त वाचेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. परंतु ज्याला हसून घालवून दिले तो काहीच वाचणार नाही, हे मात्र नक्की. अभिरुचीचा वाद समोरच्याला बोलते करण्यासाठी घालायचा असतो. मी तो त्याला गप्प करण्यासाठी घातला होता.

आता त्या एकमताकडे वळू. ‘लोक वाचत नाहीत’ हे विधान अर्थशास्त्राच्या भाषेत मागणीविषयीचे विधान आहे. साधी गोष्ट अशी, की इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेच्या पाठीशी खर्च करण्याची ऐपत असेल तरच बाजार तिची दखल घेतो. आज तीनशे-चारशे रुपयांची कादंबरी म्हणजे शेतमजूर स्त्रीची साधारण एका दिवसाची मजुरी. पैशाखेरीज वाचनाला वेळ लागतो, उजेड लागतो, बसायला जागा लागते आणि पुस्तक हाताच्या अंतरावर असावे लागते. यांपैकी एकही गोष्ट नसलेल्या माणसाला ‘वाचनाची आवड नाही’ असे म्हणणे, हे उपाशी माणसाला जेवणाची आवड नाही असे म्हणण्यासारखे आहे.

आमच्या जिल्ह्याचे वर्षच पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदादच अवजाराच्या नावाने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटे फडात तोड आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे, असा दिनक्रम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मराठी माणूस ज्या दिवाळी अंकांचा अभिमान बाळगतो, त्यांची परंपरा ‘मनोरंजन’ने 1909 साली सुरू केली. ते अंक वाचनालयात येतात नेमके त्या आठवड्यांत, ज्या आठवड्यांत आमच्या वाड्या-तांड्यांवरचे ट्रॅक्टर भरून निघत असतात. शासन 2015 पासून 15 ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा करते. त्या दिवशी कित्येक घरांत भांडी-अंथरुणे बांधण्याची तयारी चाललेली असते. आई-वडिलांबरोबर कोपीवर गेलेल्या मुलाला प्रेरणा देऊन उपयोग नाही. त्याच्यापर्यंत पुस्तक गेले पाहिजे.

जे मागे राहतात त्यांचे काय? तालुक्याच्या वाचनालयात आज गर्दी नाही असे कोणी म्हणू नये. सकाळी सातपासून तेथील बाके भरलेली असतात. मात्र ती अभ्यासिकेची बाके आहेत. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांच्या तयारीला बसलेले तरुण दिवसभर वाचतात. पण ज्या कपाटांना पाठ लावून ते बसतात, ती उघडत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. शेती तोट्यात आणि कारखानदारी नाममात्र असलेल्या जिल्ह्यात सरकारी नोकरीच्या रांगेत उभे राहण्यासाठी जेवढे वाचावे लागते, तेवढे ते वाचतात. मोबाईलने वाचन बुडवले असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे. संध्याकाळचा बराच वेळ मोबाईल खातो हे खरेच. परंतु मोबाईल येण्यापूर्वीही वाडीवर पुस्तक पोचलेले नव्हते.

यात शासनाचा वाटा केवढा? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा आहे. त्यानुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. 2022-23 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाल्यावरही खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाकाठी 48 हजार रुपये मिळू लागले, म्हणजे महिन्याला चार हजार. एवढ्यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीज आणि पुस्तके! मग वाचनालय संध्याकाळी तासभर उघडते आणि वर्तमानपत्रापुरते उरते. 2012 साली राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा काही ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे आढळले. तो गैरप्रकार निंद्यच होता. परंतु कागदी ग्रंथालयांची शिक्षा खऱ्या वाचकांना का?

मद्रास राज्याने 1948 साली, कर्नाटकाने 1965 साली आणि केरळने 1989 साली ग्रंथालय कायदे करताना मालमत्तेवरील करांबरोबर ग्रंथालय उपकराची तरतूद केली. वाचनालयाला त्यामुळे हक्काचे उत्पन्न मिळाले. भारतातील पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानाने केला, हा अभिमान आपण बाळगतो. उपकर मात्र महाराष्ट्राच्या कायद्यात आला नाही. घरपट्टीतील एक छोटासा हिस्सा गावच्या वाचनालयाला कायद्याने मिळावा, ही मागणी आपल्या पक्षाने आणि ग्रामपंचायतींतील आपल्या साथींनी ठरावाच्या रूपाने पुढे रेटली पाहिजे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सयाजीराव गायकवाडांनी शतकापूर्वी बडोदे संस्थानात फिरती वाचनालये सुरू केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात आणि वाचून झाल्यावर बदलून मिळत. राजाने जे केले ते लोकशाहीतल्या तालुका शाखेला जमू नये काय? मागे राहिलेल्या मुलांसाठी आमच्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात. प्रत्येक वसतिगृहात एक पेटी आणि महिन्यातून एकदा एक कार्यकर्ता, एवढ्यापासून प्रारंभ करता येईल. कारखान्याच्या तळावर साखरशाळा वा मजूर संघटनेचा माणूस असेल तेथे दुसरी पेटी.

त्या पेटीबरोबर जाणाऱ्या कार्यकर्त्याला एकच विनंती. आपल्या अभ्यासमंडळांत आपण बहुधा काय वाचावे हे सांगत आलो. कोणी काय वाचले आणि त्याला ते कसे वाटले, हे विचारायचे राहून गेले. मुलाने पेटीतून भुताच्या गोष्टी उचलल्या तर उचलू द्याव्यात. पुढच्या खेपेला त्याला एवढेच विचारावे, की ही गोष्ट खोटी वाटली का, वाटली तर कोठे. दुसरा मुलगा त्याच्याशी भांडेल. ते भांडण लवकर मिटवू नये.

माझ्या वयाच्या मंडळींनी ओसरीवरचा आपला वाद अवश्य चालू ठेवावा. ‘मृत्युंजय’ की ‘कोसला’ याचा निकाल न लागल्याने कोणाचे नुकसान होत नाही. मात्र पुढच्या वेळी ‘कोणी वाचत नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या वाचनालयाचे कुलूप किती वाजता उघडते आणि मागच्या वर्षी किती नवी पुस्तके आली, याची चौकशी करावी. येत्या हंगामाचे ट्रॅक्टर निघण्यापूर्वी आपल्या तालुक्यात किमान एक पेटी तयार असेल, एवढे काम प्रत्येक शाखेने अंगावर घ्यावे.