खोली सोडण्याआधी अर्धा तास

वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींनो,

परीक्षा संपत आल्या. या आठवड्यात खोल्या रिकाम्या होतील आणि जिन्याखाली दरवर्षीसारखा ढीग लागेल. गाद्या, बादल्या, झेरॉक्सचे गठ्ठे, औषधांच्या पट्ट्या आणि वर शेवटच्या दिवशीचे खरकटे. गेल्या वर्षी त्या ढिगापाशी मी तासभर उभी होते. कचरा वेचणाऱ्या मावशी हातानेच तो उपसत होत्या. तळाशी तीन वर्षांच्या नोट्स होत्या, निम्म्या कोऱ्या वह्याही होत्या, आणि सगळ्यांवर आमटी सांडली होती. तसला कागद रद्दीवाला घेत नाही. फुटलेल्या ट्यूबच्या काचेने मावशींचा अंगठा कापला. ती ट्यूब आपल्यापैकीच कुणाच्या तरी खोलीतली होती.

कळकळीची विनंती आहे, कचरा खोलीतच वेगळा करा. एकदा डब्यात एकत्र पडला की तो निवडायचे काम मावशींच्याच हातांवर येते. वह्या आणि पुठ्ठे सुतळीने बांधा. चहाचे कागदी कप त्यात घालू नका, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. काच, ब्लेड, ट्यूब जाड कागदात गुंडाळून वेगळे द्या; सेल आणि मुदत संपलेली औषधेही वेगळी. सॅनिटरी पॅड कागदात बांधून वर लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी ही खूण रुजवली आहे, म्हणजे पुडके उघडून बघावे लागत नाही. धड गाद्या आणि बादल्या जूनमध्ये येणाऱ्या मुलामुलींसाठी ठेवून जा.

रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या विद्यापीठांनी आणि वसतिगृहांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६च्या घनकचरा नियमांत म्हटले होते. मेसच्या खरकट्याला सुका पाला मिळाला नाही तर खताच्या खड्ड्याला घाण वास सुटतो, आणि तोच पाला आपल्याकडे झाडून पेटवला जातो. माळीकाकांना आणि सुरक्षारक्षकांना हात जोडून सांगते, पालापाचोळा पोत्यांत भरून ठेवा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्येच देशभर बंदी घातली आहे. आपण जे जिरवत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाते. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला आहे.

याच शहरात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. विद्यापीठातली माणसे तेव्हा कचराकुंडीपर्यंत चालत गेली होती. आपल्याला फक्त जिना उतरायचा आहे.

वळीव कधीही कोसळेल आणि भिजलेल्या कागदाचा लगदा होईल, म्हणून हे आजच करा. पोती, जुनी वर्तमानपत्रे आणि लाल पेन तळमजल्यावर ठेवली आहेत. सुतळी कमी पडते आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी येताना घेऊन या.