आधी वाडीला विचारा

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड-अलिबाग यांस,



१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली आणि २३ तारखेला शोधकार्य थांबलं. वर जायला गाडीरस्ता नव्हता, म्हणून माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. ठाकरांची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

यादीसाठी भूवैज्ञानिकांची पाहणी हवीच. पण कुठला झरा एकाएकी गढूळ वाहायला लागला, कुठली भेग गेल्या पावसाळ्यापेक्षा रुंदावली, हे त्या वाटेने रोज गुरं नेणाऱ्याला आधी दिसतं. त्याने ते सांगायचं कुणाला आणि त्याची नोंद व्हायची कुठे, याची सोय आपल्या आराखड्यात असली पाहिजे.

विचारायला कधी जायचं, तेही वाडीच्या कामधंद्यावरून ठरवा. आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत सर्वेक्षणाला गेलात तर दाराला कुलूप दिसेल, आणि कागदावर 'कुटुंब अनुपस्थित' असा शेरा पडेल. आषाढात गेलात तर सगळे लावणीच्या चिखलात. मेअखेरीला, संध्याकाळी, दिवसाची मजुरी न बुडवता बैठक लावा. तीही वाडीतच, कारण ग्रामपंचायतीच्या सभागृहात बाया मागे बसतात आणि बोलत नाहीत.

पुनर्वसनाचंही तसंच. इर्शाळवाडीच्या लोकांसाठी चौकजवळ सिडकोने पक्की घरं बांधली. डोक्यावर छप्पर आलं, याचं मोल मोठं आहे. पण डोंगरावरच्या माणसाचं पोट डोंगरावर असतं. नाचणी-वरीचं शेत, रानभाजी, करवंदं, सरपण, शेळ्या. शेळ्या कुठे बांधायच्या, पावसात चूल कुठे पेटवायची, शेतावर जायला किती चढायचं, हे आराखडा मंजूर होण्याआधी ठरायला हवं. पुढच्या वेळी घराचा नकाशा आधी मोकळ्या जागेवर फक्कीने खऱ्या मापात आखा. बायांना त्यातून फिरू द्या, आणि त्या सांगतील तिथे रेघ पुसा. याला खर्च चुन्याच्या एका पोत्याचा.

पुणे जिल्ह्यातल्या माळीणचा अनुभव आपल्यासमोर आहे. २०१४ साली गाव दरडीखाली गाडलं गेलं, आमडे इथे नवं वसलं, आणि २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथली जमीन खचली, रस्त्यांना तडे गेले. जागा निवडतानाच पाणी कुठून उतरतं हे तिथल्या जुन्या माणसांना विचारायला हवं.

माझी मागणी एवढीच. यंदाच्या पावसाआधी डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत अशी बैठक घ्या. इतिवृत्त तिथेच मोठ्याने वाचून दाखवा. वाडीचं जे म्हणणं मान्य होणार नाही, त्याचं कारण लेखी द्या आणि त्याची प्रत वाडीतच ठेवा. पहिल्या बैठकीची तारीख कर्जत आणि खालापूरच्या तहसीलदारांमार्फत जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
कर्जतचा एक रहिवासी